आफ्रिकेतला कूलर

मुलगा आफ्रिकेत होता त्या उन्हाळ्यात मी तरुण होते. म्हणजे साठी उलटून गेली होती, पण तरुणच म्हणायला हवं, कारण आपल्याला सगळं कळतं असं मला तेव्हा वाटायचं. आता सत्तरीच्या पलीकडून त्या बाईकडे पाहिलं की हसू येतं. डोक्यात संशय होता, हाताशी वेळच वेळ होता, आणि अडवायला घरात कोणी नव्हतं. यजमान आधीच गेले होते. ते असते तर म्हणाले असते, "बस वं थोडी. पंख्याखाली बस."

संशयाचं खापर मी माझ्या नोकरीवर फोडते. एका सरकारी कचेरीत मी रजा विभागात कारकून होते. लोकांचे रजेचे अर्ज वाचण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. कोणाची आजी कितव्यांदा वारली, कोणाची कावीळ नेमकी लग्नसराईत उगवते, हे मला तोंडपाठ. फोनवर कोणी "मॅडम, ताप आहे" म्हणालं की हा खरंच अंथरुणात आहे की पानठेल्यावर उभा आहे, ते मी नुसत्या आवाजावरून सांगायची. निवृत्त झाल्यावर खुर्ची गेली, कान तेवढे राहिले.

मुलगा लष्करात हवालदार. बंदूक त्याच्याकडे असेलच, पण त्याचं खरं काम गाड्या दुरुस्त करण्याचं. शांतिसेनेच्या तुकडीत त्याची निवड झाली आणि निळी टोपी घालून तो वर्षभरासाठी दक्षिण सुदानला गेला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "फॉरेनला गेला ना तुमचा!" जसा काही सहलीला गेला. मी पण हसून मान डोलवायची आणि घरात येऊन बातम्या लावायची. बातम्यांत त्या देशाचं नाव आलं नाही तर वाटायचं, काहीतरी झालं असेल म्हणूनच दाखवत नाहीत. आलं तर विचारूच नका.

सून आणि नात माझ्याजवळ नागपूरला होत्या. सून नरखेडकडची, संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली. या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय असल्यामुळे तिचं साधं बोलणंही शेजारच्या दोन घरांना कळायचं. तिचं काही लपत नाही, असं मी समजून चालले होते.

परदेशात असलेल्या सैनिकाच्या आईने नेमकं काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून मला जे येत होतं तेच मी केलं. तपासणी.

तो व्हिडिओवर दिसला की मी विचारायची, "फोन फिरव. मागे काय आहे? तो माणूस कोण? जेवला का? ताट दाखव." तो बिचारा ताट दाखवायचा. पांढऱ्या कंटेनरच्या रांगा दाखवायचा, लाल मातीचा रस्ता दाखवायचा, मी दिलेल्या तिखटाचा डबा दाखवायचा. एकदा म्हणाला, "आई, तू माझं ऑडिट करून राहिली का इथं पण?"

"नाही रे. डबा अर्धाच काहून संपला ते पाहून राहिली."

"सगळ्यांना वाटतो मी."

"सगळ्यांना वाटला असता तर पूर्ण संपला असता."

असं बरं चाललं होतं. मग उन्हं तापली आणि व्हिडिओ बंद झाला. नुसता आवाज यायला लागला. "नेट कमजोर आहे," तो म्हणायचा. आता नेट कमजोर असेल तर आवाज तुटायला पाहिजे की नाही? आवाज तर शेजारच्या खोलीतून आल्यासारखा खणखणीत. शिवाय आडवा पडल्याचा. आडव्या पडलेल्या माणसाचा आवाज घशातून वर चढत येतो. रजा मागणारे लोक मुद्दाम आडवे पडून फोन करायचे, तेव्हापासून मला तो ओळखू येतो.

इकडे सुनेचं वागणं बदललं. फोन आला की ती आधी तो घेऊन गच्चीवर जायची. नागपूरच्या मे महिन्यात, दिवस मावळायच्या आत, गच्चीवर! जिथे कावळासुद्धा टेकत नाही. खाली यायची ती लालबुंद होऊन, आणि म्हणायची, "घ्या आई, तुमच्याशी बोलायचं म्हणते ते." हे बोलायची हळू. बगीचाभर ऐकू जाणारा आवाज या बाईने ठेवला कुठे? नातीलाही शाळेला सुट्टी लागल्या लागल्या आजोळी पाठवून दिलं. दरवर्षी मी मागे लागायची तेव्हा कुठे जायची पोरगी. या वेळी मला विचारलंही नाही.

मी काही बोलले नाही. रजा विभागात आम्ही लगेच बोलत नसू. अर्ज बाजूला ठेवून द्यायचो आणि माणूस स्वतःच चुकेपर्यंत थांबायचो.

आणि तो चुकला.

एका संध्याकाळी तो सांगत होता, इकडे पाऊस लागला, चिखल फार आहे, जेवण बरं आहे. मी हूं हूं करत होते, पण कान त्याच्या मागच्या आवाजाकडे होता. पंख्याची घरघर, तिच्या आत पाण्याची झिरझिर, आणि मग ती झिरझिर तुटून एक कोरडी गुरगुर. नागपूरच्या माणसाला हा आवाज झोपेतही कळतो. टाकीतलं पाणी संपत आलं की पंप असाच ओरडतो. आमचा कूलर तेव्हा बंद होता. फोन कानाला लावूनच मी उठून पाहून आले.

मग सवयीने ओरडले, "अरे, कूलरमध्ये पाणी टाक ना! मोटर जळून जाईल!"

"हो, टाकायले सांगतो," तो म्हणाला.

आणि गप्प झाला.

"काहून रे," मी विचारलं, "तिकडे कूलर आहे?"

"हॅलो? आई? आवाज कटून राहिला... हॅलो?"

फोन बंद.

आम्हा नागपूरकरांची एक समजूत असते. कूलर ही वस्तू जगात आपल्याकडेच असते. तो पत्र्याचा डबा, त्या गवताच्या ताट्या, होळी झाली की त्या बदलायची घाई, हे सगळं आपलं. त्या साठीतल्या तरुणीनेही असाच विचार केला. कूलर आहे म्हणजे पोरगा आफ्रिकेत नाही. इथेच आहे, विदर्भातच आहे. लष्करातला माणूस विदर्भात असेल तर कामठीच्या छावणीत असेल, आणि कामठीला आडवा पडला असेल तर दवाखान्यात असेल. एवढं सगळं शोधून काढायला तिला अर्धा कप चहाही लागला नाही.

पण चहा पुढे गेला नाही. कारण साध्या तापासाठी कोणी देशात परतल्याचं आईपासून लपवत नाही. व्हिडिओ का बंद केला? काय दिसलं असतं मला? हात? पाय? डोळा? मी एकेक अवयव मनात घेऊन पाहिला आणि परत ठेवला. पोरगा अख्खा आहे की नाही, हे मला कळायलाच हवं होतं. विचारायचं कोणाला? जे सांगू शकत होते ते दोघंही खोटं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून म्हणाली, "आई, मी बँकेत जाऊन येते."

"ये ना," मी म्हटलं. "मी पण जरा पडते."

बाहेर जायला नेहमी लागणारं काजळ डोळ्यांत नाही, पर्स घाईघाईने उचललेली, आणि आठवडाभरात ही तिसरी बँक. तिने स्कूटी काढली तशी मी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरचा ऑटो पकडला.

"त्या गाडीच्या मागे घे," मी ऑटोवाल्याला म्हटलं. "पांढरी स्कूटी, गुलाबी दुपट्टा."

त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं. "कोण आहे, आजी?"

"सून."

"अरे बाप रे," तो म्हणाला, आणि ऑटो असा सोडला की बस.

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी स्कूटीवर निघालेली बाई डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळते. वर काळा चष्मा, हातात लांब मोजे. सख्खी आई ओळखणार नाही. तरुण सासूला मात्र खात्री होती. पहिल्या सिग्नलला आमच्यापुढे एक गुलाबी दुपट्टा होता. दुसऱ्या सिग्नलला गुलाबी दुपट्टे तीन झाले. मी म्हटलं, "मधली." इंदोरा चौकाच्या पुढे ती मधली डावीकडे वळली, आम्ही वळलो. एका शिकवणी वर्गापुढे तिने गाडी लावली, चष्मा काढला, दुपट्टा सोडला, आणि आतून जी निघाली ती कॉलेजातली एक सावळी मुलगी.

मी तिच्या अगदी पुढ्यात उभी होते. हात कमरेवर.

"काय झालं, काकू?" ती म्हणाली.

"काही नाही," मी म्हटलं. "तुझा दुपट्टा छान आहे. कुठून घेतला?"

"बर्डीवरून."

"बरं बरं."

ऑटोत परत बसले तर ऑटोवाला तोंड दाबून हसत होता. "आता कोणती सून पकडायची, आजी?"

"सून मरो," मी म्हटलं. "कामठीला घे."

रस्ताभर गरम वारा तोंडावर येत होता आणि मी मनात बोलणी रचत होते. पोराला काय म्हणायचं, सुनेला काय म्हणायचं. खाटेपाशी पोचल्यावर रडायचं नाही, आधी रागवायचं, असं ठरवलं. रागवायला मला सोपं जातं.

लष्करी दवाखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने नाव विचारलं, नंबर विचारला. मुलाचा सेवेचा नंबर मला पाठ होता. त्याने आत फोन लावला. "ऐसा कोई मरीज़ नहीं है, माताजी."

"बराबर देखो."

"देखा, माताजी."

मी तिथल्या कडुनिंबाखाली बसले आणि सांगितलं, मी बसून राहते. सगळे मिळालेले आहेत, असं मला तेव्हा पक्कं वाटलं. पहारेकरीसुद्धा. थोड्या वेळाने आतून एक वयस्कर सुभेदार आले, मिशा पांढऱ्या. मला एका लहान खोलीत नेलं. पाणी दिलं. आधी पाणी देणाऱ्या माणसाचं मला भय वाटतं. त्यांनी मुलाच्या युनिटची जी थोडी माणसं इकडे मागे राहिली होती, त्यांना फोन लावला. बराच वेळ "हां, हां" करत राहिले. मध्ये एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

फोन ठेवून म्हणाले, "माताजी, बेटा उधर ही है। अफ़्रीका में। उधर के अस्पताल में।"

"अस्पताल में?"

"पैर में चोट है। कीचड़ में ट्रक फँसा था, निकालते टाइम सरक गया। ऑपरेशन हो गया, ठीक है।" मग म्हणाले, "आपकी बहू को तो सब मालूम है। रोज़ बात होती है।"

"पैर है?" मी विचारलं.

"जी?"

"पैर है कि नहीं?"

"है, माताजी। सलामत है।"

"दोनों?"

"दोनों," ते म्हणाले, आणि स्वतःही पाणी प्यायले.

रडायचं नाही हे खाटेसाठी ठरलं होतं. इथे खाट नव्हती. सुभेदार खिडकीबाहेर बघत राहिले. माझं झाल्यावर त्यांनीच मला ऑटोपर्यंत सोडलं. ऑटोवाल्याने परतीच्या वाटेवर ऑटो खड्डे चुकवत हळू नेला.

घरी आले तर सून येऊन वरणाला फोडणी घालत होती. मी हातपाय धुतले, ताटावर बसले, भात कालवला.

"प्लास्टर कधी काढणार म्हणतात?" मी विचारलं.

तिच्या हातातली पळी तशीच वर राहिली. मग एकदम बगीच्यातला आवाज परत आला. "कोणी सांगितलं तुमाले?"

"मी कामठीला गेली होती."

"कामठीले? काहून?"

"त्याला भेटायला. कूलर ऐकला ना मी."

तिने आधी डोळे मोठे केले, मग गॅस बंद केला, मग जमिनीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसताच रडायला लागली. मी काही म्हणण्याआधी तीच बोलली, "त्यायनं शपथ घातली होती, आई. म्हणे आईले सांगशील तर ती इथं यायले निघन. मी म्हटलं, अशी कशी निघन, पासपोर्ट नाई काई नाई. अन् तुम्ही तर निघाल्याच!"

"आणि तू? तू कुठे जातेस सारखी बँकेच्या नावाने?"

ती पदराने नाक पुसत राहिली. "मैत्रिणीचं पार्लर आहे सदर बाजारले. मागं एक खोली आहे तिच्यात. तिथं जाऊन रडतो मी."

"घर काय वाईट आहे रडायला?"

"या घरात रडाले जागा कुठं आहे, आई? नाक ओढलं तरी तुम्ही इचारता, सर्दी कधीपासून आहे."

मी तिचं ताट वाढलं आणि पुढ्यात सरकवलं.

त्याच रात्री आम्ही दोघींनी मिळून त्याला व्हिडिओ लावला. मला समोर बसलेली पाहून त्याने आधी कपाळावर हात मारला.

"पाय दाखव," मी म्हटलं.

त्याने दाखवला. मांडीपासून खाली पांढरा, टोकाला बोटं उघडी. मी बोटं मोजली, हलवून घेतली. मग त्याने फोन फिरवला. खाटेशेजारी तो कूलर होता. अर्धा कापलेला पिंप, ताट्यांच्या जागी गोणपाट, कुठल्याशा भंगार गाडीतून काढलेली मोटर. त्याने पडल्या पडल्या सांगितलं होतं आणि हाताखालच्या पोरांनी बनवला होता. आता बाजूच्या खाटेवरचा परदेशी शिपाईही आपली खाट तिकडे सरकवून मागत होता म्हणे.

"गोणपाट काहून? वास येत असेल ना," मी म्हटलं.

"येतो. पण थंड करते."

"हं. यापुढे काही झालं तर आधी मला सांगायचं. तिला शपथा घालायच्या नाहीत."

"हो आई."

"तोंडदेखलं हो नको."

"सगळं सांगीन. आता बस?"

आणि मग त्याने सूड उगवला. रोज सगळं सांगायला लागला. आज पाय ठणकला. आज प्लास्टरच्या आत खाज सुटली, पट्टी घालून खाजवली. आज डासांनी फोडून काढलं. आज चपाती कच्ची होती. आज कंटाळा आला, आई, लई कंटाळा आला. मी फोन ठेवायची आणि पाणी प्यायची. सून म्हणायची, "आता ते सांगते तर ऐका." ती आता गच्चीवर जात नव्हती. कधीकधी ओट्याशीच उभी राहून रडून घ्यायची, आणि मी सर्दीबद्दल काही विचारायची नाही. पेपर वाचायची. पेपर उलटा असला तरी.

पुढे पुढे तक्रारी कमी झाल्या. प्लास्टर निघालं, काठी आली, काठी गेली. शेवटच्या महिन्यात तो नुसतं "एकदम फिट" म्हणायला लागला. मी विचारायची, काठी खरंच गेली? तो म्हणायचा, खरंच. चालून दाखव म्हटलं की तिकडे नेमकं कोणीतरी त्याला हाक मारायचं.

थंडी पडायला लागली होती तेव्हा तो परतला. विमानतळावर आम्ही तिघी गेलो. नात कठड्यावर चढून बसली होती, सून टाचा वर करून दारातून येणाऱ्या गर्दीत त्याचं तोंड शोधत होती. मी खाली बघत होते. इतक्या पायांतून मला त्याचे पाय शोधायचे होते.

सापडले. सामानाची गाडी ढकलत येत होते, सरळ, मोजून, एकापुढे एक. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा पोरगा लहानपणापासून पाय फेकत चालणारा. याने चपलेचे अंगठे किती तोडले असतील त्याला गणती नाही. एवढा नीट तो जन्मात कधी चालला नव्हता. आणि गाडीवर हात नुसते ठेवलेले नव्हते, भार टाकलेला होता.

नात त्याच्या गळ्यात पडली. सुनेने त्याला डोळे भरून पाहिलं, मग तिचीही नजर खाली गेली, मग माझ्याकडे आली. मी दुसरीकडे पाहिलं. तो माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा डावा पाय जरा बाहेर टाकून वाकला, एक हात गाडीवरच.

"बरा आहेस ना?" मी विचारलं.

"एकदम फिट."

"पाय दाखव" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. रजा विभागातली बाई शिक्का उचलून तयार होती. समोर त्याचं तोंड होतं. उन्हाने रापलेलं, हसरं, आणि डोळ्यांत एक धाक. माझाच धाक. एवढ्या लांबून आलेला माणूस, आता ही काय विचारते म्हणून उभा होता.

गाड्या लावायची जागा लांब होती. नात त्याचा हात ओढत होती, "बाबा, चला ना लवकर, पळा ना!"

मी पुढे होऊन त्याचा कोपर धरला. "हळू चला रे सगळे. मला दम लागतो."

तो थांबला. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुले कधीपासून दम लागून राहिला?"

"झाले काही दिवस."

"बोलली नाही तू. डॉक्टरले दाखवलं?"

"दाखवू ना. घाई काय आहे," मी म्हटलं. सून पुढे होऊन सामानाची गाडी ढकलायला लागली, आणि आम्ही मायलेक तिच्या मागून निघालो, त्याच्या चालीने.